घर आवडलंय, पण परत एकदा बघायला मागू का?

आलेलं पत्र, थोडं कमी करून:

नमस्कार, आम्ही बरेच महिने घर शोधतोय. गेल्या रविवारी सकाळी एक रिसेलचा फ्लॅट बघितला, दुसऱ्या मजल्यावर, बिल्डिंग साधारण पंधरा वर्षं जुनी. वीस-पंचवीस मिनिटं आत होतो. मोठ्या खिडक्या, भरपूर उजेड, आणि घरमालकीणबाईंनी इतकं सुंदर ठेवलंय की मी दारातच प्रेमात पडले. ह्यांनाही आवडलं. ब्रोकर म्हणतोय अजून एक पार्टी तयार आहे, दोन दिवसांत टोकन द्या. पण रात्री झोपताना लक्षात आलं की मला बाथरूम कसं होतं तेच आठवत नाहीये. मी म्हटलं परत एकदा बघून येऊ, तर हे म्हणाले आता काय बघायचं राहिलंय. सासूबाई म्हणाल्या, सारखं बघायला गेलं की समोरच्याला वाटतं यांना घ्यायचं नाहीये, नुसता वेळ घालवतायत. मी उगाच जास्त विचार करतेय का? आणि परत गेलेच तर नेमकं बघायचं काय? (नाव देऊ नका.)

ताई,

आधी सरळ उत्तर देते. परत बघा, आणि टोकन द्यायच्या आधी बघा. तुम्ही अजिबात जास्त विचार करत नाही आहात. बाथरूम आठवत नाहीये हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण तुमच्या अख्ख्या पत्रात मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, कारण पहिल्या भेटीत घर बघून होतच नाही हो, पहिल्या भेटीत फक्त एवढंच कळतं की आपल्याला ते आवडलं की नाही. तुम्हाला ते कळलंय, छान झालं. आता त्या घरात राहणं कसं असेल ते बघायचंय, आणि ते पूर्ण वेगळं काम आहे.

एडवर्ड थॉर्नडाइक नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९२० मध्ये सैन्यातल्या वरिष्ठांनी हाताखालच्या लोकांना दिलेले गुण तपासले, तर असं दिसलं की एखादा माणूस एका बाबतीत चांगला वाटला की त्याला बाकी सगळ्या बाबतींतही चांगलेच गुण मिळत होते, त्या गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नसला तरी. याला हेलो इफेक्ट म्हणतात. तुमच्या खिडक्यांनी आणि त्या बाईंच्या टापटिपीने तेच केलंय. उजेड खरा आहे, टापटीपही खरी आहे, पण त्यावरून नळाला पाणी कसं येतं किंवा भिंतीत ओल आहे का याचा काहीच पत्ता लागत नाही, तरी आपलं मन परस्पर ठरवून मोकळं होतं की सगळं ठीकच असणार. आणि टापटीप तर त्या बाईंची आहे, ती त्यांच्याबरोबर जाणार, तुमच्याकडे उरणार त्या रिकाम्या भिंती. म्हणून दुसऱ्या भेटीत सामान मनातल्या मनात उचलून बाजूला ठेवायचं आणि मागे काय आहे ते बघायचं.

आता सासूबाईंचं म्हणणं. त्यांची काळजी समजते मला, समोरच्याला नाराज करू नये असं त्यांना वाटतंय. पण विकणाऱ्याच्या जागी उभं राहून बघा ना, ज्यांना वेळ घालवायचा असतो ते लोक एकदा येतात, चहूकडे नजर टाकतात, "कळवतो" म्हणतात आणि गायब होतात. दुसऱ्यांदा येऊन नळ उघडून बघणारा माणूस म्हणजे ज्याला खरंच घ्यायचंय तो. विकणाऱ्यांनाही हे चांगलं माहीत असतं. फक्त विचारताना कारण सांगा, म्हणजे कुणाला वाईट वाटायचा प्रश्न येत नाही. ब्रोकरला इतकंच म्हणा, "घर आम्हाला मनापासून आवडलंय, फायनल करायच्या आधी मोजमाप घ्यायचंय आणि पाणी-लाइट बघायचीय, तासभर वेळ लागेल, उद्या किंवा परवा संध्याकाळी चालेल का?" याच्यात अविश्वास कुठेच नाही.

दुसऱ्या पार्टीचं खरं असेलही, आपण ते खोटं धरून चालायचं नाही. पण खरं असेल तर उलट विकणाऱ्यालाही तुमचं उत्तर लवकर हवं असणार, मग तो उद्याच वेळ काढून देईल. तासभर वेळ द्यायला तयार नाहीत पण पैसे मात्र दोन दिवसांत हवेत, असं झालं तर तिथे थांबा. कारणं द्यायला लागले, आज पाहुणे, उद्या गावाला, परवा किल्ली नाही, तर एकदा समजून घ्या, दुसऱ्यांदाही तेच झालं तर ती माहितीच आहे तुमच्यासाठी. आणि काही कारणाने टोकन आधी द्यावंच लागलं तर ते कशावर दिलं, कुठल्या परिस्थितीत परत मिळणार, किती दिवसांत मिळणार, हे सगळं लेखी घेतल्याशिवाय देऊ नका. तोंडी "अहो मिळतील की परत" याला काही अर्थ नसतो.

वेळ वेगळी निवडा. तुम्ही रविवारी सकाळी गेला होतात, म्हणजे रस्ता शांत, उजेड भरपूर, शेजारी निवांत. आता कामाच्या दिवशी संध्याकाळी जा, लोक घरी परतायच्या वेळी, अंधार पडेपर्यंत थांबता आलं तर अजून चांगलं. आणि योगायोगाने पाऊस पडत असेल तर कंटाळा करू नका, लगेच फोन करून विचारा येऊ का म्हणून, भर पावसात बघितलेलं घर जे सांगतं ते कोरड्या दिवशी दहा वेळा जाऊनही कळत नाही. बरोबर एक असा माणूस न्या ज्याचा त्या घरात जीव अडकलेला नाहीये, दीर, मैत्रीण, कुणीही, ज्याला तुम्ही खिडक्यांचं कौतुक आधी सांगितलेलं नाही. आणि आत गेल्यावर कामं वाटून घ्या, एकाने घरमालकांशी बोलायचं आणि दुसऱ्याने शांतपणे बघायचं, कारण बोलणारा माणूस बघत नसतो, तुमचं बाथरूम बहुतेक तिथेच हरवलं असेल, कुणीतरी काहीतरी सांगत असणार आणि तुम्ही मान डोलावत पुढे गेला असणार.

तर बाथरूमपासूनच सुरू करा. पण नुसतं आत जाऊन टाइल्स बघू नका, बाथरूमच्या भिंतीची दुसरी बाजू बघा. म्हणजे ती भिंत ज्या बेडरूमला किंवा पॅसेजला लागून आहे तिथे जा. बाथरूममध्ये टाइल्स असतात म्हणून ओल तिथे दिसत नाही, ती पलीकडच्या रंगावर दिसते. खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर, रंगाला फुगे आलेत का, पापुद्रा सुटलाय का, पांढरी पावडर बसलीये का ते बघा. ती पावडर म्हणजे क्षार असतात, पाणी भिंतीतून झिरपत बाहेर येतं, वाळतं आणि बरोबर आणलेले क्षार मागे ठेवून जातं, म्हणजे पाणी त्या भिंतीतून गेलेलं आहे याचा तो पुरावाच. हाताची मागची बाजू भिंतीला लावून बघा, ओली भिंत शेजारच्या भिंतीपेक्षा गार लागते. मोबाइलचा टॉर्च भिंतीला अगदी चिकटवून आडवा धरा, सरळ मारू नका, आडव्या उजेडात फुगवटे, खड्डे, लिंपलेल्या भेगा अशा उठून दिसतात की दिवसाढवळ्या समोर उभं राहून कधी दिसल्या नसत्या.

मग छताकडे बघा, विशेषतः वरच्यांच्या बाथरूमच्या खाली जे येतं तिथे. पिवळट-तपकिरी गोल डाग, ज्याची कड गडद असते, तो गळतीचा असतो. डाग आहे म्हणजे घर वाईट असं लगेच नाही, जुनी गळती दुरुस्त झालेली असू शकते, म्हणून विचारा की हे कधीचं आहे, काय केलं होतं, वरच्यांनी दुरुस्ती केली की आपणच रंग मारला. आणि एकाच भिंतीला किंवा छताच्या एकाच तुकड्याला नवा कोरा रंग असेल तर तिथे नक्की थांबा. अख्खं घर रंगवलं असेल तर विकायच्या आधी बरेच लोक रंगवतात, त्यात काही विशेष नाही. एकच चौकोन रंगवलेला असेल तर तो का, एवढं विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. भिंतीतली कपाटं उघडून आत नाक घाला (परवानगी घेऊन), कारण खोलीत रूम फ्रेशनर मारता येतो पण बंद कपाटाच्या मागच्या कोपऱ्यातला कुबट वास जात नाही. भिंतीला टेकून ठेवलेलं मोठं कपाट किंवा पलंग असेल तर मागे डोकावता येतंय का ते बघा, तेही विचारून.

ओलीवर मी इतकं बोलतेय याला कारण आहे. रंग खराब होणं हा त्यातला छोटा भाग. काँक्रीटच्या आत लोखंडी सळ्या असतात, पाणी तिथवर पोचत राहिलं की सळ्या गंजतात, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे आतून दाब येऊन काँक्रीटचे पापुद्रे फुटायला लागतात. बाल्कनीच्या खालच्या बाजूला, जिन्याच्या खाली, पार्किंगमधल्या खांबांवर वर बघत चाला. सळी उघडी पडलेली दिसली, किंवा सळीच्या रेषेत सरळ भेग आणि गंजाचा ओघळ दिसला, तर तो प्रश्न एका फ्लॅटचा नसून अख्ख्या बिल्डिंगचा आहे, आणि त्याच्या दुरुस्तीचा वाटा पुढे तुमच्याकडून मागितला जाणार. तेव्हा बिल्डिंगची मोठी दुरुस्ती ठरलीये का, त्यासाठी वर्गणी काढायचं चाललंय का, हे आत्ताच विचारून घ्या.

भेगांनी मात्र लगेच घाबरू नका. केसासारख्या बारीक भेगा जवळपास प्रत्येक घरात असतात, प्लास्टर वाळताना पडतात. ब्रिटनच्या बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंटने भेगांचं रुंदीवरून वर्गीकरण केलेलं आहे, त्यात १ मिलीमीटरपर्यंतच्या भेगा बारीक समजतात, रंगकामात सहज बुजतात, आणि ५ मिलीमीटरच्या पुढे गेल्या की मग भिंत उघडून नीट दुरुस्ती करायची वेळ येते. पण रुंदीइतकीच दिशा महत्त्वाची. दाराच्या किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळती, आणि त्याच भागातलं दार चौकटीत अडकतंय, असं सगळं एकत्र दिसलं तर ते स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवल्याशिवाय पुढे जायचं नाही. म्हणून घरातलं प्रत्येक दार आणि प्रत्येक खिडकी स्वतःच्या हाताने उघडून लावून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

आता पाणी. नळ नुसता सोडून "हो येतंय" असं म्हणू नका. किचनचा नळ पूर्ण सोडा, तो चालू असतानाच बाथरूमचा शॉवर सोडा आणि धार किती कमी होते ते बघा, कारण रोजच्या आयुष्यात सकाळी दोन्ही एकदमच चालू असणार. बादली दिसली तर मोबाइलवर वेळ लावून भरा, १० लिटरची बादली एका मिनिटात भरली तर १० लिटर दर मिनिटाला, आता राहता त्या घरी तेच करून आकडा बरोबर न्या, म्हणजे तुलना करता येईल. फ्लश करा, टाकी भरून पाणी पूर्ण थांबतंय का ते ऐका. गरम पाणी किती वेळात येतं ते बघा. पाण्याचा मीटर वेगळा असेल तर घरातले सगळे नळ बंद करून मीटरचा काटा बघा, तो तरीही फिरत असेल तर कुठेतरी पाइप गळतोय.

आणि एक काम जरूर करा, बाथरूमच्या फरशीवर अर्धी बादली पाणी ओता, दाराजवळ उभं राहून, जाळीपासून लांब. आणि बघत रहा. पाणी आपोआप जाळीकडे वळतंय का, का मध्येच तळं करून थांबतंय, का उंबऱ्याकडे येतंय. ढाळ चुकीचा असेल तर तो दुरुस्त करायला फरशी उखडावी लागते, आणि तोपर्यंत रोज अंघोळीनंतर कुणीतरी एकजण वायपर घेऊन पाणी ढकलत बसतो, आणि ते कोण असणार ते तुम्हाला मी सांगायला नको. पाणी जायला किती वेळ लागतोय तेही बघा, गुडगुड आवाज करत हळूहळू जात असेल तर पुढे लाइनमध्ये काहीतरी अडकलंय. घर बरेच दिवस बंद असेल आणि जाळीतून वास येत असेल तर मात्र लगेच निष्कर्ष काढू नका, जाळीखालच्या ट्रॅपमध्ये जे पाणी साठून राहतं तेच खालचा वास अडवतं, वापर नसला की ते सुकून जातं. पाणी ओता, अर्ध्या तासाने परत वास घ्या. गेला तर ठीक, नाही गेला तर प्लंबर आणून दाखवा.

लाइटचं थोडक्यात सांगते. मोबाइलचा चार्जर बरोबर न्या आणि प्रत्येक खोलीतले सॉकेट तपासा. मेन बोर्ड उघडून बघा, आरसीसीबी किंवा ईएलसीबी बसवलाय का, म्हणजे वीज कुठे गळायला लागली की पुरवठा आपोआप बंद करणारा स्विच. माणसाला शॉक लागण्यापासून वाचवायला जो असतो तो साधारण ३० मिलीअँपिअरच्या गळतीवर वीज तोडतो आणि त्याच्यावर टेस्ट असं लिहिलेलं एक बटण असतं. घरमालकांना सांगून ते दाबायला लावा, अख्ख्या घराची लाइट जाईल, तशीच जायला हवी, न सांगता दाबू नका म्हणजे झालं, कुणाचं तरी काम चालू असतं. तो स्विचच नसेल किंवा बटण दाबून काहीच झालं नाही तर वायरिंग नीट तपासून घ्यायचा खर्च धरून चाला. आणि प्रत्येक खोलीत दार लावून एक फोन करा. बेडरूममध्ये नेटवर्क नसणं किती वैताग देतं हे रोज घरून काम करणाऱ्याला विचारा.

आवाजासाठी एक गोष्ट करा जी करायला लोक लाजतात. बेडरूममध्ये जा, खिडक्या बंद करा, पंखा बंद करा, सगळ्यांना सांगा की पाच मिनिटं कुणी बोलू नका, आणि नुसतं ऐका. लिफ्टची मोटर, पाण्याचा पंप, वरच्यांची खुर्ची सरकल्याचा आवाज, रस्त्यावरची वळणावर गिअर बदलणारी वाहनं, सगळं त्या पाच मिनिटांत समजतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये शांत झोपेसाठी बेडरूममध्ये सततचा आवाज ३० डेसिबलच्या वर नसावा असं म्हटलंय. मोबाइलवरचं मोजणारं ॲप अगदी अचूक नसतं, पण आत्ताच्या तुमच्या बेडरूममध्ये आणि तिथे एकाच फोनने मोजलंत तर फरक नक्की कळेल.

तुम्हाला उजेड आवडलाय म्हणून त्याच्याबद्दलही सांगते, कारण जी गोष्ट आवडली ती आधी तपासायची. तुम्ही बघितलेला उजेड एका सकाळचा, एका ऋतूचा होता. वर्षभरात दुपारच्या सूर्याच्या मार्गात उन्हाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत सुमारे ४७ अंशांचा फरक पडतो, त्यामुळे आत्ता जिथे छान ऊन येतंय तिथे सहा महिन्यांनी समोरच्या इमारतीची सावली असू शकते, किंवा उलट, आत्ता सुखद वाटणारी पश्चिमेची खिडकी उन्हाळ्यात दुपारभर खोली तापवेल. फोनमधलं कंपास काढून कुठली खिडकी कुठे तोंड करून आहे ते लिहून घ्या. आणि खिडकीसमोर मोकळा प्लॉट किंवा बुटकं जुनं घर असेल तर तिथे पुढे काय बांधायला परवानगी आहे हे स्थानिक बांधकाम परवानगीच्या ऑफिसात जाऊन विचारा, ब्रोकरच्या "तिथे काही होत नाही हो" वर जाऊ नका. तुम्ही ज्या उजेडासाठी पैसे मोजणार तो समोरच्याच्या हातात आहे.

टेप न्यायला विसरू नका. पलंग, कपाट, फ्रिज यांची मापं आधी घरी घ्या, आणि मग तिथे नुसती खोली मोजून थांबू नका, दार, पॅसेजचं वळण, लिफ्टचं दार, जिन्याचं वळण हेही मोजा, कारण सामान खोलीत मावतं पण खोलीपर्यंत पोचत नाही असं खूपदा होतं. सगळ्या खोल्या भिंतीपासून भिंतीपर्यंत आतून मोजून बेरीज करा आणि कागदावर जो एरिया सांगितलाय त्याच्याशी ताडून बघा. तफावत मोठी असेल तर किंमत कुठल्या एरियावर लावलीये हा प्रश्न लगेच विचारायचा.

घरमालकांशी बोलणाऱ्याने काय विचारायचं, तर ते घर का विकतायत, आणि काय काय मागे ठेवून जाणार. पंखे, दिवे, गिझर, एसी, किचनमधली कपाटं, पडद्यांचे रॉड, यातलं तुम्ही गृहीत धरलेलं आणि त्यांनी गृहीत धरलेलं वेगळं निघतं आणि मग शेवटच्या दिवशी कडवटपणा येतो. जे ठरेल ते करारात यादी म्हणून लिहून घ्या. कर्ज, थकबाकी, मालकीत कुणाकुणाची नावं आहेत, सह्या कोणाच्या लागणार, हे तुमच्या वकिलांनी बघायचं, घर कितीही आवडलं तरी त्यांच्या हिरव्या कंदिलाशिवाय सही नाही, यात मला काही मधला मार्ग दिसत नाही.

मग निघताना ब्रोकरला निरोप द्या आणि दोघंच परत बिल्डिंगमध्ये एक चक्कर मारा. जिने चढून वर गच्चीपर्यंत जाता येत असेल तर जा, पार्किंगची तुमची जागा कुठली ती बघा आणि गाडी खरंच वळते का ते बघा. लिफ्टपाशी कुणी भेटलं तर बोला. "बिल्डिंग चांगली आहे का" असं विचारलं की सगळे "हो हो छान आहे" म्हणतात, त्यातून काहीच मिळत नाही. "पाणी दिवसातून किती वेळ असतं", "पावसात जिन्यात पाणी येतं का", "लिफ्ट शेवटची कधी बंद पडली होती", असं नेमकं विचारा, मग लोक मोकळेपणाने सांगतात, उलट थांबवावं लागतं.

आता ह्यांचं काय करायचं. "आता काय बघायचं राहिलंय" असं ते म्हणतायत त्यात थकवाही असणार, बरेच महिने शोधताय, एकदाचं संपावं असं कुणालाही वाटेल, आणि कदाचित त्यांना भीती असेल की तुम्ही परत गेलात की खोट काढाल आणि शोध परत पहिल्यापासून. तेव्हा त्यांना पटवायचा प्रयत्न करू नका, त्यांना काम द्या. टेप, बोर्ड, पार्किंग, इंजिनियरचा नंबर मिळवणं, हे त्यांच्याकडे. आणि जायच्या आधी रात्री दोघांनी वेगवेगळ्या कागदावर लिहा की काय निघालं तर आपण हे घर घेणार नाही. दोन-तीन गोष्टीच, जास्त नको. मग कागद बदलून वाचा. हे आधी करायचं, कारण तिथे गेल्यावर त्या खिडकीत उभं राहिल्यावर प्रत्येक दोष लहान वाटायला लागतो. तुम्हा दोघांच्या यादीत फरक निघाला तर तो आत्ता निघालेला फार बरा.

जे दोष सापडतील त्यांच्याकडे बघताना माझं मत असं, की जे बदलता येतं त्याचा भाव करा आणि जे बदलता येत नाही त्याच्यापाशी प्रामाणिक रहा. नळ, वायरिंग, टाइल्स, रंग, अगदी बाथरूमचं वॉटरप्रूफिंगसुद्धा, याचा खर्च काढता येतो, एखाद्या कारागिराकडून अंदाज घ्या आणि तो आकडा समोर ठेवून किंमत बोला, सापडलेल्या गोष्टीचा फोटो असला की बोलणं सोपं जातं, फोटो काढायच्या आधी मात्र घरमालकांना विचारा, त्यांचं राहतं घर आहे. पण रस्त्याचा आवाज, उजेड, जिन्याची रुंदी, शेजार, बिल्डिंगची अवस्था यातलं काही एक फ्लॅट घेणारा माणूस बदलू शकत नाही. त्यातलं काही तुमच्या कागदावर लिहिलेलं असेल तर किंमत कमी करून ते सुटणार नाही.

तिथल्या तिथे हो किंवा नाही काहीही सांगू नका. "घरी बोलून उद्या कळवतो" एवढंच. आणि सगळं ठीक निघालं, करार झाला, तरी ताबा घ्यायच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी सकाळी अजून एक फेरी मारायची आहे हे करारातच लिहून घ्या. सामान हलल्यावर कपाटामागची भिंत पहिल्यांदा दिसते, आणि यादीतले पंखे-गिझर जागेवर आहेत का तेही तेव्हाच बघायचं, शेवटचा हप्ता हातातून जायच्या आधी.

ब्रोकरला आजच मेसेज करा, संध्याकाळची वेळ मागा. सासूबाईंना यायचं असेल तर त्यांनाही न्या की, किचनचा ओटा त्यांच्या उंचीला बरोबर आहे का, जिना चढून दम लागतोय का, हे त्याच सांगू शकतील, तुम्ही दोघं कितीही वेळा बघितलंत तरी ते तुम्हाला दिसणार नाही.